निवडलेला गाळ

"म्याडम, पाळतच ठेवायची तर गमबूट घालून या. चिखल लय हाय," सहादू मागं न बघताच म्हणाला.

काठावरची अंजली हलली नाही. नाशिकच्या प्रयोगशाळेत नवी आलेली ही पोरगी आठ दिवस त्याच्या बरण्यांवर डोळा ठेवून होती. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गोदावरीला मिळणाऱ्या या नाल्याचा गाळ अठरा वर्षं तोच तपासणीला आणी, आणि वरचा कारखाना दरवेळी निर्दोष सुटे. परवा तिनं स्वतः गाळ नेला, तर त्यात तेलाडांबरातलं विष भरभरून निघालं. म्हणजे सहादू विकला गेलाय, झालं! कुणाचा फुकटचा चहा न घेणाऱ्या माणसाला रिटायर व्हायच्या वर्षी हे ऐकावं लागत होतं. हिला त्याच्या जागी आपला माणूस चिकटवायचा असणार, दुसरं काय!

त्यानं गाळ परातीत पसरला, काळे खडे वेचून पाण्यात सोडले आणि हात जोडले.

"हे काय, काका?"

"कोळसा. वर स्मशान हाय. कुणाच्या चितेतला असला तर? माणसाचं सरण मशीनमधी दळायचं व्हय?"

"दरवेळी काढता?"

"एक खडा ऱ्हाऊ देत नाय," तो तोऱ्यात म्हणाला.

अंजली परातीपाशी वाकली. "अहो काका, विष त्या कोळशातच असतं! कोळसा ते धरून ठेवतो. मूठभर खडे, पण निम्म्याहून जास्त विष त्यांच्यात. ते काढले की आकडा मर्यादेखाली जातो, कारखाना सुटतो."

"बनवताय मला."

"मग एक बरणी न निवडता द्या."

त्यानं दिली, ती स्वतःच्या हातानं सील करून. तिसऱ्या दिवशी दोन्ही बरण्यांचे आकडे समोर आले: निवडलेली मर्यादेत, न निवडलेली कितीतरी वर. त्यानं ते दोनदा वाचले.

"नकळत झालं, काका," अंजली ओशाळून म्हणाली. "मी उगाच संशय घेतला. साहेबांना तसं सांगते."

"काय सांगता? लाच खाल्ली असती, तर कधी भिऊन का व्हईना, एखादी बरणी खरी आणली असती म्या. अठरा वर्षांत एक नाय आणली!"

त्यानं कोरा कागद ओढला आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: मी, सहादू निवृत्ती गांगुर्डे, विनंती करतो की मी आजवर आणलेले सर्व नमुने रद्द समजावेत.