तीन वर्षांची पदवी

आई डेकेअरमधून घरी आली की लगेच आत येत नाही. ड्राइव्हवेमध्ये गाडी बंद करते आणि तशीच बसून राहते. फोनसुद्धा बघत नसते. मी किचनच्या खिडकीतून पाहते आणि तेवढ्यात चहाचं आधण ठेवते. मग ती आत येते, कोपरापर्यंत हात धुते आणि म्हणते, "आज एक जण चावला गं."

तिथली मुलं तिला मिस सनी म्हणतात. 'सुनेत्रा' मोठ्यांनाच म्हणता येत नाही, तर दुधाचे दात असलेल्यांना काय येणार! दिवसभर उचलून घ्यायचं, डायपर बदलायचे, कोणी कोणाच्या डोक्यात ठोकळा मारला याचा न्याय करायचा. त्यामुळे मिस सनी संध्याकाळपर्यंत पार मावळलेली असते.

तिला खरं तर लॅबमध्ये काम करायचंय. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, जिथे कोणी चावत नाही. त्यासाठी आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचा कोर्स आहे. आणि त्याची फी काउंटीच भरेल, अशी एक योजना आहे, हे शोधून काढलं मी. सावनीने! गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करायची नाही. मग मी डिबेट टीममध्ये गेले, आणि आता मला गप्प कसं करायचं हाच आमच्या घरातला मोठा प्रश्न आहे.

योजनेच्या अटी चार. काउंटीत वर्षभर राहिलेलं असावं. ग्रीन कार्ड असावं. घरचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत असावं. पहिल्या दोन अटींत आई बसत होती, आणि तिसरीत तर आम्ही जरा जास्तच छान बसत होतो, कारण बाबाचा जॉब जानेवारीत गेला. पार्सिपनीच्या ऑफिसमधून खोका घेऊन आला, तो खोका अजून गराजमध्ये तसाच आहे.

चौथी अट : अर्जदाराकडे कुठलीही पदवी नसावी.

आई बी.एस्सी. आहे. मायक्रोबायोलॉजी, अमरावती, फर्स्ट क्लास. तिच्या लग्नाच्या पत्रिकेत तिच्या नावापुढे ते कंसात छापलं होतं. इथे आल्यावर कितीतरी वर्षं तिला व्हिसामुळे कामच करता येत नव्हतं. ग्रीन कार्ड आलं त्याच महिन्यात तिने लॅबच्या नोकरीसाठी अर्ज केला. त्यांनी पदवी एका कंपनीकडून तपासून आणायला सांगितली. कंपनीने उत्तर दिलं की ही पदवी तीन वर्षांची आहे, अमेरिकेत चार वर्षांची लागते, सबब ही पदवी धरता येणार नाही. बाबाचं इंजिनिअरिंग चार वर्षांचं, म्हणून त्याचं धरलं. बाबा इतका भडकला होता की त्याने त्या कंपनीला भलीमोठी ईमेल लिहिली. परिच्छेदांना नंबर घालून. उत्तर एका ओळीचं आलं.

म्हणजे बघा, आईची पदवी नोकरीसाठी नाहीच. मग ती योजनेसाठी तरी कशी असेल? मला वाटलं, एवढा सोपा मुद्दा मला कुठल्या डिबेटमध्येही मिळाला नसेल.

मंगळवारी आम्ही कॉलेजमध्ये गेलो. मिस डेल्गाडो म्हणून बाई आहेत तिथे, योजनेचं काम बघतात. चष्मा डोक्यावर, आवाज गोड. आईच्या मार्कशीट्स त्यांनी उलटून-पालटून पाहिल्या.

"तुमच्याकडे पदवी आहे की," त्या आनंदाने म्हणाल्या. "आणि मार्क्स किती सुंदर! पण मग मला वाईट वाटतं, ही योजना तुमच्यासाठी नाही."

आईचा चेहरा मी बाजूने बघत होते. या देशात पहिल्यांदा कोणीतरी त्या कागदांना पदवी म्हणालं होतं. ती हसलीच आधी. मग वाक्याचा उरलेला भाग तिच्यापर्यंत पोचला.

"एक्स्क्यूज मी," मी म्हणाले, आणि सुटलेच. तीन वर्षं, चार वर्षं, कंपनीचं उत्तर, सगळं. मिस डेल्गाडोंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की तो कंपनीचा रिपोर्ट आणा आणि आईने इथे समोर बसून एका निवेदनावर सही करायची, की माझ्याकडे पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण नाही. शुक्रवार शेवटचा दिवस.

"आणि माझे विषय?" आईने विचारलं. "मायक्रोबायोलॉजी मी केलंय. ते पुन्हा?"

"पुन्हा. ते विषय धरायचे तर सगळंच धरावं लागेल. मग पदवीही आली. योजनेतून यायचं तर पहिल्या सेमिस्टरपासून."

"थँक यू," आई म्हणाली.

गाडीत मी नाचत होते. "आई, वुई वन! यू आर एलिजिबल!"

"सीट बेल्ट लाव," आई म्हणाली.

त्या रात्री जेवताना तिने सांगितलं, की ती सही करणार नाही.

"बरोबर आहे तुझं," बाबा लगेच म्हणाला. "तेव्हा आपण त्यांच्याशी भांडलो की ही पदवी आहे. आता आपणच म्हणायचं नाही? मला एकदा जॉब मिळू दे, आपण फी भरू."

"अरे, तुला जॉब मिळेपर्यंत ती डेकेअरची पोरं ग्रॅज्युएट होतील," आई म्हणाली.

बाबाने पोळीचा तुकडा भाजीत नुसता फिरवला. आईलाही ते जरा लागलं असावं, कारण तिने त्याला न विचारताच भात वाढला.

तेवढ्यात शरयू मावशी आली. ती शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते, आईची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि तिला बेल वाजवायची सवय नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं सही कर आणि मोकळी हो. मी सासरी आले तेव्हा मला स्वयंपाक येतो असं सांगितलं होतं. कोणी मेलं का?"

"तेव्हा येत नव्हतं आणि येतं म्हणालीस तू. मला येतं आणि नाही म्हणायचंय."

"माझ्यामुळे कोणी मेलं नाही, एवढंच म्हणतेय मी," मावशी म्हणाली. "भावोजी, तुम्ही सांगा की हिला."

"मी सध्या कोणाला काही सांगायच्या पोझिशनमध्ये नाहीये," बाबा म्हणाला.

मग मी उभी राहिले. खरंच उभी राहिले, खुर्ची मागे सरकवून. "ओके. तीन मुद्दे. एक, हे खोटं नाही, कारण रिपोर्ट तेच म्हणतो. दोन, सही फक्त कागदावर आहे, तुझं नॉलेज कोणी काढून घेत नाहीये. तीन, दोन वर्षांनी तू लॅबमध्ये असशील. आई, डिबेटमध्ये आम्ही नाणं उडवतो. जी बाजू येईल त्या बाजूने बोलायचं. ते पर्सनल नसतं!"

आई ताटं उचलत होती. थांबली.

"तू त्या बाजूने चार मिनिटं बोलतेस आणि खाली बसतेस, सावनी. मला त्या बाजूला दोन वर्षं बसायचंय. तुझ्याएवढ्या पोरांबरोबर, सूक्ष्मदर्शक कसा धरतात ते शिकत. आणि कोणी विचारलं की आधी काय केलंत, तर म्हणायचं, काही नाही."

मी चौथा मुद्दा काढणार तेवढ्यात तिने नळ सोडला.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी ती ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसली ती बसलीच. चहा उकळून आटला. शेवटी मी बाहेर गेले आणि काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली. तिच्या टॉपवर कोणाचं तरी सफरचंदाचं प्युरे वाळलं होतं.

"आज डायरेक्टर म्हणाली, मिस सनी, यू आर अ नॅचरल," आई म्हणाली. "यू शुड डू धिस फॉरेव्हर."

"मग?"

"मग काय. उद्या दुपारी पोरं झोपतात तेवढ्या वेळाची सुट्टी मागितली."

सकाळी डायनिंग टेबलवर कंपनीचा तो रिपोर्ट ठेवलेला होता, प्रिंट काढून, स्टेपल करून. बाबा पायजम्यातच कॉफी पीत उभा होता. आजकाल तो इंटरव्ह्यू असला तरच पँट घालतो.

"त्याच्या मागे माझी ईमेल होती जोडलेली," तो म्हणाला. "ती काढलीय."

"चांगली होती ती," आई म्हणाली.

"फार लांब होती."

तिने रिपोर्ट पर्समध्ये घातला. जाताना त्याच्या दंडाला हात लावला, असाच, ओझरता.

माझी शाळा त्या दिवशी दुपारपर्यंतच होती. मिस डेल्गाडोंच्या ऑफिसबाहेर मी आईला सांगितलं, "तू काही टेन्शन घेऊ नको. मी बोलते."

"तू बाहेर थांब," आई म्हणाली.

"पण मी..."

"सावनी. बाहेर."

तिने कधी मला असं अडवलं नव्हतं. इंग्रजी फोन आले की ती माझ्याकडे द्यायची, बँकेचा असो की केबलवाल्याचा. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ऑफिसच्या दाराला एक उभी, अरुंद काच होती. तिच्यातून आईची पाठ दिसत होती आणि मिस डेल्गाडोंचे हलणारे ओठ. आई काहीतरी विचारत होती. मिस डेल्गाडोंनी मान हलवली, नाही म्हणून. आईने परत काहीतरी विचारलं. परत नाही. माझे पाय आपोआप नाचत होते, आत जावं, मुद्दा मांडावा, असं होत होतं. पण आत मांडण्यासारखा एकही मुद्दा माझा नव्हता. ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग आईची पाठ वाकली. सही करताना वाकते तेवढीच. आणि सरळ व्हायला तिला वेळ लागला.

ती बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

"मिळालं?"

"हो. ऑगस्टपासून."

मी ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. मग तिच्याकडे पाहिलं आणि बंद केलं. "काय विचारत होतीस त्यांना?"

"की 'पदवी नाही'च्या पुढे 'या देशात' एवढं लिहू का. तर म्हणाल्या, मजकूर बदलता येत नाही." तिने पर्सची चेन लावली. मग पुन्हा उघडली, मार्कशीट्स नीट आहेत का बघितलं, आणि लावली. "मग म्हटलं, तोंडी तरी तुम्हाला सांगून ठेवते. तर म्हणाल्या, ऐकलं मी. चांगल्या आहेत बाई."

"बाबाला टेक्स्ट करू?"

"घरी गेल्यावर मीच सांगते."

मिस डेल्गाडोंनी आजच विद्यार्थ्याचं आयडी कार्ड काढून घ्यायला सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये फार गर्दी होते म्हणून. ते काउंटर त्याच कॉरिडॉरच्या टोकाला होतं. तिथला मुलगा माझ्या शाळेतल्या सीनियर्सएवढाच वाटत होता. त्याने आईला निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं.

"मॅम, स्माइल."

क्लिक. आईचे डोळे मिटलेले.

"नो प्रॉब्लेम, वन्स मोअर."

परत मिटलेले. तिसऱ्या वेळी त्याने तीनपर्यंत मोजलं, आईने डोळे ताणून उघडे ठेवले, आणि फोटोत ते अर्धे उघडे आले. झोप आल्यासारखे. मशीनमधून कार्ड बाहेर पडलं, मुलाने ते दोरीत ओवून दिलं. फोटो, नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत 'स्टुडंट'.

"आई, नाही नाही नाही. हे रीटेक कर! दोन वर्षं गळ्यात घालायचंय तुला हे!"

आईने कार्ड हातात घेतलं. अजून गरम होतं ते. अंगठ्याने तिने आपला चेहरा पुसल्यासारखा केला आणि कार्ड गळ्यात अडकवलं.

"असू दे," ती म्हणाली. "दिसतेच मी अशी. चल, तीनच्या आत डेकेअरला पोचायचंय, पोरं झोपेतून उठतील."