वीस मिनिटांचा चार्ज

"परिचारिका हा रुग्णालयाचा कणा आहे!" असं मुख्य डॉक्टरसाहेबांनी सभागृहात गरजून सांगितलं, तेव्हा तो कणा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. खुर्च्या कमी पडल्या होत्या.

कणा म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरबाई. अकरा वर्षांची नोकरी, बत्तीस खाटा आणि दोन्ही पोटऱ्यांवर निळ्या शिरांचा नकाशा. भाषण संपल्यावर प्रत्येकीच्या हातात एक छापील फॉर्म आला. वर लिहिलं होतं, 'एम्प्लॉयी एंगेजमेंट पाहणी.'

"एंगेजमेंट? कुणाची हो?" वॉर्डातल्या मावशींनी विचारलं. मावशींच्या फडक्यातून ना फरशी सुटे, ना बातमी.

"आपली. रुग्णालयाशी."

"अगं बाई! अकरा वर्षं राबवून घेतलं, आणि आता विचारतायत?"

सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्यांच्या एप्रनच्या खिशात काडीमोडाची चिठ्ठी तयार होती. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहायची रीत असते. त्यांनी ती पाळली होती, आणि मग राहवलं नाही म्हणून खाली एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'काम जड नाही. मागे कुणी उभं नाही, ते जड आहे.' आज ड्यूटी संपली की कागद मेट्रनच्या टेबलावर ठेवायचा आणि मागे वळून बघायचं नाही. मेट्रन आठवड्यापूर्वीच आल्या होत्या. नव्या माणसाला आपलं मोल माहीत नसतं, तो लवकर सोडतो, असा सिस्टरबाईंचा साधा होरा.

दुपारी साडेबाराला वॉर्डात नेहमीसारखी धांदल होती. जोडीची सिस्टर रजेवर होती. अकरा नंबरचं सलाईन संपत आलं होतं, आणि सात नंबरचे आजोबा 'सुई नको, सुई नको' असा जप करत होते. तेवढ्यात दारात मेट्रन उभ्या राहिल्या.

मेट्रन वॉर्डात येते ती चादरीचे कोपरे बघायला. सिस्टरबाईंनी मुकाट्याने कोपऱ्यांकडे पाहिलं. पण मेट्रनबाईंनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि विचारलं, "जेवलात?"

मावशींच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. सिस्टरबाईंना वाटलं, हा काहीतरी सापळा आहे. अकरा वर्षांत त्यांना हा प्रश्न एकदाच विचारला गेला होता, आणि तोही भूल उतरत असलेल्या पेशंटकडून.

"नाही... म्हणजे, नंतर..."

"नंतर म्हणजे कधीच नाही. मीही वॉर्डातूनच वर गेलेय. वीस मिनिटं वॉर्ड माझ्याकडे. चार्ज द्या आणि जा."

चार्ज द्यायचा म्हणजे कुठल्या खाटेवर काय चाललंय याचा कागद हवाली करायचा. सिस्टरबाईंनी घाईघाईने खिशातला घडीचा कागद पुढे केला. मेट्रनबाईंनी तो उलगडला, वाचला, भुवया किंचित वर गेल्या आणि परत खाली आल्या.

"समजलं," त्या म्हणाल्या. "जा तुम्ही."

सामानाच्या खोलीत कापसाच्या खोक्यावर बसून सिस्टरबाईंनी डबा उघडला. दुपारचा डबा दुपारी! भाजीला चव होती, हे त्यांना आजच कळलं. तिकडे कुणी ओरडत नव्हतं, आणि तीच शांतता त्यांना खायला उठली होती. अर्धा डबा झाला. कपाळाचा घाम पुसायला रुमाल हवा म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर हाती कागद आला. 'खाट अकरा, सलाईन. खाट सात, इंजेक्शन साडेबाराला, आजोबा घाबरतात.'

घास जागच्या जागी थांबला. वॉर्डाचा कागद इथे, मग तिकडे गेला तो कोणता?

'वॉर्डात पळायचं नाही' असं अकरा वर्षं सगळ्यांना बजावणाऱ्या सिस्टरबाई पळत सुटल्या.

वॉर्डात वेगळंच चित्र होतं. अकरा नंबरला सलाईनची नवी बाटली लागली होती. मेट्रनबाई खाटेशी उकिडव्या बसून लघवीचं माप उजेडात धरून बघत होत्या. मावशी शेजारी तोंडात बोट घालून उभ्या.

"सिस्टर," सात नंबरचे आजोबा म्हणाले, "ही नवी मुलगी कोण हो? हात फार हलका आहे. सुई टोचली तेही कळलं नाही. हिला सोडू नका!"

नवी मुलगी अठ्ठावन्न वर्षांची होती. तिने माप खाली ठेवलं आणि मांडीवरच्या कागदावर आकडा लिहिला. राजीनाम्याच्या पाठीवर.

"मॅडम, तो कागद... चुकून..."

"चुकून कसा? मला जे कळायला हवं होतं ते यातच होतं. औषधाच्या वेळा प्रत्येक खाटेच्या तक्त्यावर आहेतच की, तुम्हीच लिहिलेल्या." मेट्रनबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पण मला हा मंजूर करता येणार नाही."

"का?"

"मागे अकरा नंबरचं माप आहे. आता हा रुग्णाचा कागद झाला. फाडता येत नाही, वर धाडता येत नाही. दुसरा लिहायचा तर खुशाल लिहा, त्या शेवटच्या ओळीसकट पाठवीन. फक्त उद्या, परवा, रोज याच वेळेला मी इथे उभी असणार, हे धरून लिहा."

आजोबांनी कानातला कापूस काढला. सिस्टरबाईंच्या डोळ्यांसमोर अकरा वर्षं उभी राहिली. मावशींनी पदर डोळ्यांकडे नेऊन ठेवला, आयत्या वेळी धांदल नको म्हणून.

"मॅडम," सिस्टरबाई अखेर म्हणाल्या, "एक मागू?"

"मागा."

"डबा अर्धाच झालाय. उरलेली सात मिनिटं आत्ताच मिळतील का?"