मी, मूळव्याध नावाचा शब्द

मी एक जुना शब्द आहे. मूळव्याध माझं नाव. मित्रांनो, हसून घ्या, मी थांबतो.

माझा अर्थ अगदी साधा आहे. मूळ म्हणजे बूड, माणूस बसतो तेव्हा टेकते ती जागा. व्याध म्हणजे इथे शिकारी नव्हे, व्याधी, आजार. याच आजाराचं संस्कृत नाव अर्श, माझा थोरला भाऊ, आयुर्वेदाच्या जाडजूड ग्रंथांत मानाने राहतो. मी घरोघरी राबलो, तरी माझं नाव कुणी मोठ्याने घेत नाही.

हल्ली मी एका शिंप्याच्या जिभेवर अडकलो आहे. तो दिवसभर मशीनवर बसून असतो. शौचाला रक्त पडू लागलं तेव्हा त्याने मला ओळखलं, आणि गिळून टाकलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं लोक गमतीने म्हणतात. त्याच्या घरी ते खरंच आहे. जावयाला त्याने सांगितलं, "कंबर धरलीय." जावयाने कमरेचा पट्टा दिला. बिचारा तो आवळून बसतो, आणि दुखणं आहे तिथेच आहे.

मला फार काळजी वाटते. शौचाला जावं लागू नये म्हणून तो पोटभर जेवत नाही. परवा चक्कर आली आणि हातातली कात्री पडली.

"अहो, होतंय तरी काय?" बायकोने विचारलं.

"उष्णता," तो म्हणाला.

खरी भीती वेगळीच आहे. रक्त माझंच असेल असं नाही. माझ्या आडोशाला कधीकधी भलताच आजार दडून बसतो. तपासल्याशिवाय तो कळत नाही, आणि मला उच्चारल्याशिवाय तपासणार कोण?

काल जावई घरी आला. शिंपी उभाच.

"बाबा, बसा ना."

"नको, बरंय असंच."

बायकोने मशीनच्या स्टुलावरची उशी आणून जावयापुढे ठेवली. उशीवर डाग होता.

"मूळव्याध आहे," शिंपी भिंतीकडे बघत म्हणाला.

जावई हसला नाही. "असेलही. पण तपासल्याशिवाय नाही सांगता यायचं. मी नको असेन तर माझ्या सरांकडे जाऊ. उद्याच."

आज दोघं सरांच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत गेले आहेत. बायको बाहेर बाकावर बसली आहे. पदराचं टोक पिळत ती पुटपुटते आहे, "मूळव्याधच निघू दे. दुसरं काही नको."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं अवघडून बसत असेल, तर माझी लाज धरू नका, मला वेळेवर उच्चारा. इतक्या वर्षांत मला कुणी शिंप्याच्या बायकोसारखं मागून घेतलं नव्हतं. दार अजून उघडलेलं नाही, आणि मीही तिच्यासारखाच म्हणतो आहे, मीच असू दे.