अखेरची शिल्लक

आमचे हे नगरपालिकेत लेखापाल. आकडा यांचा कधी चुकत नाही, पण बोलताना जीभ अडखळते, आणि सगळ्यात जास्त ‘श’वर. आता नशीब बघा! वर्षाच्या जमाखर्चाचा अहवाल सुरूच होतो ‘आरंभीची शिल्लक’पासून आणि संपतो ‘अखेरची शिल्लक’वर. म्हणून दरवर्षी हिशेब मांडायचा यांनी आणि सभेत वाचायचा यांच्या मदतनिसानं. राबायचं एकानं आणि टाळ्या दुसऱ्याला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा यांचं निवृत्तीचं वर्ष. जेवताना हळूच म्हणाले, “अगं, या वेळी मी वाचतो. ए-एकदाच. माझा हिशेब माझ्या तोंडानं.”

“वाचा की,” मी म्हटलं, आणि डोळे भरून आले म्हणून ताटं उचलायच्या निमित्तानं उठले.

सराव सुरू झाला. एकटे वाचायला लागले की गाडी ‘श’पाशी रुतायची. मी सोबत वाचलं की मात्र घडाघडा. असं का होतं, देव जाणे. मग काय, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना आमचं दोघांचं एका सुरात चालू: पाणीपट्टी, दिवाबत्ती, रस्तेदुरुस्ती. गटारांवरचा खर्च मला पै न् पै पाठ झाला. शेजारीण विचारायला लागली, “रोज कसली हो प्रार्थना म्हणता?”

सभेला नागरिकांच्या बाकांवर मी एकटीच होते. हे उभे राहिले. “आरंभीची श... श...”

चेहरा लालबुंद. एक सभासद खोकला, दुसरा खुदकन हसला. मदतनिसानं कागद घ्यायला हात पुढे केला, आणि माझं डोकंच फिरलं. मी उठून मागूनच खणखणीत सुरुवात केली. “आरंभीची...” ‘शिल्लक’ आम्ही दोघं मिळून म्हणालो.

“बाई, नागरिकांनी मध्ये बोलायचं नसतं,” अध्यक्ष म्हणाले.

“तशी नोंद करा. तोवर आम्ही वाचतो.”

वाचत गेलो. यांचा आवाज चढला तसा मी माझा उतरवत आणला. दिवाबत्तीपर्यंत तर माझे नुसते ओठ हलत होते. शेवटची ओळ आली आणि मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच, असं हे म्हणतील.

यांनी कागदावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. “अखेरची...”

मी ओठ आणखी घट्ट दाबून धरले.

“...शिल्लक.”

एकट्यानं म्हणाले! आणि तसेच उभे राहिले, माझ्याकडे बघत, लहान मुलासारखे हसत.

“अहो, पण किती?” अध्यक्षांनी विचारलं.

यांना काही ऐकूच गेलं नाही. शेवटी आकडा मीच सांगितला.