एकशे एक्केचाळिसावं पान

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या देवळात कीर्तन असलं की सुमित्राकाकू अर्धा तास आधीच पहिल्या रांगेत. पूर्वरंग टाळून नेमकं आख्यानाला उगवणाऱ्यांना त्या तोंडावर सुनवायच्या, "निरूपण सोडून थेट गोष्टीला? वरणभात टाकून जिलबीलाच हात का?" त्याच काकू आज लायब्ररीच्या हॉलमध्ये मान खाली घालून बसल्या होत्या.

लायब्ररीने यंदा पहिल्या कादंबरीसाठी पुरस्कार ठेवला होता. नागपूरला तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, म्हणून तीन परीक्षकांत काकू. चार पुस्तकं वाचायची, दहापैकी गुण द्यायचे, खाली सहीनिशी अभिप्राय. तीन नीट वाचली. चौथ्याच्या वेळी फोनवर कीर्तन सप्ताह सुरू झाला, सातही दिवस लाइव्ह. मुदत दाराशी आली तेव्हा काकूंनी ते पुस्तक उघडलं ते एकदम एकशे एक्केचाळिसाव्या पानावर. खरी गोष्ट मध्यावरच रंगते, अशी मनाची समजूत घातली आणि लिहून टाकलं, 'नायक शेवटी एवढा का रडतो, कळत नाही.' गुण चार.

"आई, अख्खं वाचलंत ना?" सून रेणूने तेव्हाच चिमटा काढला होता. "की कानात झांजा?"

"तू तुझा ऑफिसचा कॉल बघ!"

आज निकाल लागला. चौथ्या पुस्तकाचे लेखक वॉल्टर, शाळेची बस चालवून रिटायर झालेले, दोन गुणांनी मागे राहिले. मग इला, तिथली लायब्रेरियन, म्हणाली, प्रत्येकाने आपलं पहिलं पान वाचावं.

वॉल्टर वाचू लागले. आई लोकांचे शर्ट इस्त्री करते आहे, आणि लहानगा मुलगा गरम कॉलरला गाल लावून उभा आहे, कारण घरात तेवढीच ऊब.

काकूंना शेवट आठवला. शेवटच्या पानावर तोच मुलगा, म्हातारा होऊन, दुकानातल्या एका कॉलरवर हात फिरवत रडला होता.

चहाच्या टेबलाशी वॉल्टर आपणहून आले. "मॅडम, लायब्ररीने मागेच पाठवलेला तुमचा अभिप्राय मी फ्रिजवर लावलाय. एवढी लांब सुरुवात लिहूनही रडणं कळत नसेल, तर ती फुकटच. नव्या आवृत्तीत काढून टाकतोय. उद्याच पाठवणार."

काकूंनी कप खाली ठेवला. हसून 'शुभेच्छा' म्हटलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "मी तो भाग वाचलाच नाही."

"मग कुठून वाचलंत?"

"एकशे एक्केचाळीस."

वॉल्टरनी हातातल्या पुस्तकात ते पान काढलं. "त्याआधीच्या पानांना नऊ वर्षं लागली," एवढंच म्हणाले आणि कोट घ्यायला गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दारातून रेणूने हाक दिली, "आई, चला ना! कीर्तन स्टार्ट होईल."

"होऊ दे. तू गाडीत थांब."

इला खुर्च्या आवरत होती. काकूंनी तिच्या हातातली खुर्ची घेऊन खाली ठेवली. "बस जरा, बाळा. ते चार गुण खोटे आहेत. पहिल्यापासून सांगते."