इलिंकाच्या वाढदिवसाला बारा मुलं
ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी राइसाने फोनवर विषय काढला.

"ताई, या वेळी इलिंकाचा वाढदिवस मी स्वतः येऊन करणार. जुलैत दहा दिवस सुट्टी देतायत. अंगणातच करू, अक्रोडाखाली. बारा मुलं बोलवू."

राइसा माझी धाकटी बहीण. इटलीत पादोवाला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते आणि तिच्याच घरी राहते. इलिंका दीड वर्षाची असताना ती गेली. तिचा नवरा त्याच्या आधीच मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून पोरगी माझ्याकडे. मला आणि माझ्या नवऱ्याला, गाव्रीलला, मूलबाळ नाही, त्यामुळे ती आली तेव्हा आम्ही काय झालो होतो ते मी सांगत बसत नाही. जुलैच्या एकोणीस तारखेला तिला सहा पूर्ण होणार होती.

"बारा कोण?" मी विचारलं.

"अगं, आहेत की! पेत्रियाची दोघं, गिरणीवाल्यांची जुळी, बाईंची नात, वरच्या आळीतली ती लाल केसांची..." ती भराभर नावं घेत होती आणि मी "हो, हो" म्हणत होते.

पेत्रियाची दोघं आदल्या शरदात पोर्तुगालला गेली होती. जुळी जर्मनीत होती. बाईंची नात आणि लाल केसांची मुलगी कुठे गेल्या ते मला नीट ठाऊकही नव्हतं. बालवाडीला जानेवारीत कुलूप लागलं, कारण पटावर तीनच मुलं उरली. यातलं मी राइसाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

का, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा जेवताना म्हणाली, "इथे तिला सवंगडी आहेत, बालवाडी आहे, म्हणून ठेवलीय. नाहीतर एक दिवस ठेवली नसती." त्याच खेपेला तिने इलिंकाचा पासपोर्ट काढून ठेवला. ते मी विसरले नाही. बालवाडी बंद झाली तेव्हा मी फोनवर म्हटलं, थंडीची सुट्टी आहे. मग म्हटलं, छपराची दुरुस्ती चाललीय. आणि एवढ्यावर मी थांबले नाही. इलिंकालाही शिकवलं.

"आईने विचारलं आज कुणाशी खेळलीस, तर काय सांगायचं?"

"जुळ्यांशी."

"काय खेळलात?"

"लपाछपी. आणि एक जण विहिरीमागे लपला आणि कुणालाच सापडला नाही!" शेवटचं तिने स्वतःच्या मनाचं घातलं होतं. तिला मजा वाटायची. फोनवर ती इतकं रंगवून सांगायची की मलाच क्षणभर खरं वाटे.

राइसाने वाढदिवस अगदी मनावर घेतला. पार्सलं आणणाऱ्या मिनीबसमधून बारा कागदी मुकुट आले, रंगीत कंदील आले, हवा भरायचा पाण्याचा हौद आला. एक पिवळा झगा आला, तो इलिंकाच्या डोक्यातूनच जाईना. राइसाला तिची उंची माहीत नव्हती. मी तो शिवणीत उसवला, बाजूला पट्ट्या लावल्या आणि सांगितलं, अगदी मापाचा बसला. ती रोज काहीतरी नवीन काढायची. केक शहरातून आणायचा की घरी करायचा? सरबत आंबट चेरीचं की सफरचंदाचं? ऊन लागेल, तर अक्रोडाची सावली चार वाजता कुठवर येते? मी खरंच एका दुपारी अंगणात उभी राहिले आणि काडीने रेघ मारून तिला सांगितलं.

गाव्रील चिडला. "वेड लागलंय का तुला? येऊन बघणारच आहे ना ती! मुलं काय अंगणात पेरून उगवणार आहेत?"

"जुलैत लोक सुट्टीला येतात."

"मागच्या जुलैत कोण आलं होतं? तो पोस्टमन धरू नकोस."

तरी मी सगळ्यांना फोन केले. पेत्रियाची बायको गोड बोलली; म्हणाली, यंदा जमणार नाही, इकडे घर घेतलंय. गिरणीवाल्यांची सून म्हणाली, मुलांना आता गाव नको वाटतं, कंटाळतात. शेवटी गाव्रीलचा चुलतभाऊ शेजारच्या गावात असतो, त्याच्याकडे तीन नातू होते. तो म्हणाला, घेऊन जा खुशाल, संध्याकाळी आणून सोडा. तिघं ते, आणि आमच्या आळीतली झिना आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ. पाच झाले. पाचांत भागवू, असं मी ठरवलं. बाकीच्यांचं काहीतरी सांगू.

राइसा सोळा तारखेला आली. मिनीबसमधून उतरली तेव्हा आधी मी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. इलिंका फाटकाला धरून उभी होती. राइसाने हात पसरले. पोरगी दोन पावलं पुढे आली आणि अगदी नीट म्हणाली, "तुम्ही दमला असाल. पाणी आणू का तुम्हाला?"

राइसा हसली. मग तोंड धुवायला म्हणून विहिरीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, एवढं शांत कसं गं? पोरं कुठायत?"

"नदीकडे शिबिराला गेलीत," मी म्हटलं. "शनिवारी येतील."

शनिवारी सकाळी राइसाने आणि गाव्रीलने कोठाराचं दार काढून ते दोन ओंडक्यांवर आडवं टाकलं, तेच टेबल. राइसाने वर पांढरी चादर घातली, बारा पेले मांडले, बारा मुकुट ठेवले, फांद्यांना कंदील बांधले. काम करताना ती गुणगुणत होती. लहानपणी भिंतींना चुना लावताना आम्ही दोघी असंच करायचो. मी आत पिठात हात घालून उभी होते आणि मला बाहेर बघवत नव्हतं. दोन वाजता गाव्रील गाडी घेऊन तीन पोरांना आणायला गेला.

चार वाजता झिना आली, भावाला कडेवर घेऊन. राइसाने दोघांना मुकुट घातले, बसवलं. मग ती फाटकाशी जाऊन रस्त्यावर बघत उभी राहिली. साडेचारला गाव्रीलची गाडी आली. तो एकटाच उतरला, हातात जर्दाळूंची पेटी घेऊन. मी पुढे धावले.

"काल सकाळीच नेली पोरांना," तो खाली बघत म्हणाला. "त्यांची आई आली होती, आयर्लंडहून. तिघांना घेऊन गेली. म्हातारा एकटाच बसलाय ओट्यावर. ही पेटी दिली त्याने, वाढदिवसाला म्हणून."

राइसाने सगळं ऐकलं. ती वळली आणि इलिंकासमोर गुडघ्यांवर बसली. "बाळा, बाकीची मुलं कुठायत?"

"शिबिराला गेलीत."

"कुठल्या शिबिराला?"

इलिंकाने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, अजून सांगायचं का?"

गाव्रीलने पेटी हळूच जमिनीवर ठेवली.

राइसा ओरडली नाही. उठली, तिन्ही मुलांना टेबलाच्या एका कोपऱ्याशी जवळ जवळ बसवलं, मेणबत्त्या लावल्या, गाणं म्हणायला लागली. आम्हीही म्हटलं. चार मोठ्यांचा आवाज (झिनाची आजी पण आली होती) आणि एका मुलीचा. धाकटा फुगा फुटला म्हणून रडला. तिघं हौदात खेळली, आणि खोटं कशाला बोलू, इलिंका खूश होती. तिला दोन मुलंही खूप होती. सहा वाजता आजी नातवंडांना घेऊन गेली.

भांडी घासताना राइसा म्हणाली, "किती महिने?"

"जानेवारीपासून. काही जण त्याच्याही आधी."

"आणि मी तिकडून मुकुट पाठवत होते. सावली विचारत होते. तू ऐकून घेत होतीस."

"तू तिला नेशील म्हणून."

"ती कुणाशी खेळते?"

"माझ्याशी. कोंबड्यांशी. झिनाशी, ती असली तर."

"तिला खोटं बोलायला शिकवलंस, ताई. साडेपाच वर्षांच्या पोरीला."

मी एवढंच म्हटलं, "नेऊन ठेवणार कुठे? म्हातारीच्या खोल्यांत?"

"माहीत नाही मला," ती म्हणाली. "पण इथे कशासाठी ठेवू? तू सांग. मी ऐकते." आणि ती खरंच थांबली, ओले हात तसेच धरून. मी खूप शोधलं. मला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी दोघी निघाल्या. खिडकीजवळची जागा मिळणार म्हणून इलिंका सकाळपासून उड्या मारत होती. मी बसमध्ये चढणार नाही हे तिला अगदी शेवटी कळलं. तिने माझा एप्रन दोन्ही मुठींत धरला. गाव्रीलने एकेक बोट सोडवलं. त्याला ते करावं लागलं, कारण माझ्याने होत नव्हतं आणि राइसा बघू शकत नव्हती.

पादोवाच्या म्हातारीला आवाज चालत नाही. इलिंका दुपारभर स्वयंपाकघरात चित्रं काढत बसते. सप्टेंबरात शाळेत घातली. ऑक्टोबरात राइसाचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला.

"ती बोलत नाही गं, ताई. शाळेत कुणाशीच नाही. बाईंनी बोलावून घेतलं मला."

"मग पाठव परत."

"कुठे? शाळा आहे का तिथे?"

आमच्या गावची शाळाही त्या महिन्यात बंद झाली होती. उरलेल्या चार मुलांना बस तालुक्याला नेते, रस्ता बरा असला तर. या वेळी मी खरं ते सांगितलं.

आता मी जाणार आहे. राइसाने इटलीतच, उदिनेला, एक आजारी म्हातारे गृहस्थ शोधून दिलेत. त्यांना रात्रंदिवस माणूस हवंय. मी वहीत शब्द लिहून पाठ करते: दुखतंय का, कूस बदला, गोळी घ्या. गाव्रीलला विचारलं तर म्हणाला, "जा. मी आहे इथे. गावातल्या शेवटच्या माणसांना पुरायला कुणी नको का?" थट्टेने म्हणाला, पण हसलो नाही आम्ही.

उदिनेहून पादोवा आगगाडीने दोन तास. मला रविवारी अर्धा दिवस सुट्टी असेल. राइसाची सुट्टी गुरुवारी असते, आणि तिच्या म्हातारीला घरात पाहुणे चालत नाहीत.