चार नंबरची प्रेस

तेजस्विनी आहेर जपानहून परतली आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर म्हणून लागली. त्या कारखान्यात हे पद तिच्याआधी नव्हतंच. माल घेणाऱ्या कंपनीच्या ऑडिटरनं आग्रह धरला, म्हणून शेठनी ते नव्यानं काढलं. गाड्यांच्या सीटखाली बसणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथं बनत. एका शेडमध्ये पत्रा दाबून आकार देणाऱ्या दहा प्रेस आणि त्या चालवणाऱ्या बहुतेक बायका.

तेजस्विनी मूळची चांदवडची. नाशिकला डिप्लोमा केला आणि मग तीन वर्षं नागोयाजवळच्या एका कारखान्यात काढली. शेडमध्ये शिरल्या शिरल्या तिला दिसलं ते असं : प्रत्येक प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. पण दहापैकी सात प्रेसवर डावं बटण सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेलं. उजव्या हातानं बटण दाबायचं, डाव्या हातानं पत्रा सरकवायचा.

तिनं कात्री आणून सातही ट्यूबा कापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही परत जागेवर.

"मॅडम, तिकडचं तिकडं," सुपरवायझर गोरक्ष म्हणाला. पंधरा वर्षं तो ही शेड सांभाळत होता आणि हे त्यानं अगदी समजुतीनं सांगितलं. "तिकडं माणसं कमी, म्हणून माणसाला किंमत. इथं गेटवर रोज वीस जण कामाला उभे असतात."

तेजस्विनीनं तिकडून शिकून आणलेलं सगळं करून पाहिलं. मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं : जाळी लावली, हात बाहेर, बटण मोकळं. ती रोज सकाळी प्रत्येक प्रेससमोर हे म्हणायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "मॅडम प्रेसची आरती करतात," असं चांगुणा, म्हणजे चार नंबरची प्रेस चालवणारी, एकदा म्हणाली आणि ते नाव पडलंच. तेजस्विनीलाही हसू आलं, पण तिनं आरती सोडली नाही. भिंतींवर सूचनांचे तक्ते लावले. ट्यूबा मात्र होत्या तिथंच राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत ती बायकांबरोबर शेडमागच्या लिंबाखाली बसायची. पॅकिंगमध्ये सिंधुबाई होत्या, सटाण्याकडच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांची उजव्या हाताची दोन बोटं याच शेडमध्ये गेली होती. एके दिवशी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "काय गं पोरी, तिकडं कुणाचं बोट जातच नाय का?"

तेजस्विनीकडे आकडे तयार होते. पण सिंधुबाईंचा हात समोर होता, आणि तिला आकडे सांगवेनात.

"जातं, मावशी. पण खूप कमी. मशीनं चांगली असतात, नियम पाळतात, सगळं खरं. पण मी तुम्हाला माझंच सांगते." तिनं डावा तळहात पुढे केला. अंगठ्याखाली पांढरा वण होता. "पत्र्याची धार लागली. लाइनवर एक बोर्ड होता, किती दिवसांत अपघात झाला नाही त्याचा. त्या दिवशी चारशे बारा. मी सांगितलं असतं तर बोर्डावर शून्य आलं असतं. माझ्यामुळे सगळ्या लाइनची मान खाली. मी हातमोज्यात फडकं गुंडाळलं आणि शिफ्ट संपेपर्यंत काम केलं. जखम चिघळली, चार दिवस तापानं फणफणले. तरी कुणाला बोलले नाही."

बायका जेवायच्या थांबल्या.

"आपल्याकडं उलटं," सिंधुबाई म्हणाल्या. "माझी बोटं गेली ते अख्ख्या सटाण्याला ठाऊक. येईल तो हळहळायचा. पण मशीन कसं होतं, हे आजवर एकानंबी विचारलं नाय."

"मी विचारते. कसं होतं?"

सिंधुबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ती ट्यूब बांधायला ह्या सगळ्यांना मीच शिकवलंय. आता का, ते मला नको विचारू. तू उभी राहा मशीनवर. तासभर नाय, सगळी शिफ्ट."

तेजस्विनी दुसऱ्या दिवशी सात वाजता सहा नंबरच्या प्रेसवर उभी राहिली. अकरापर्यंत तिचे खांदे भरून आले. दुपारी दोनला तिला डावा हात वर नेववेना. बटणांची पेटी पुरुषाच्या उंचीच्या मानानं बसवलेली होती. तिला ती खांद्याशी येत होती, मग चांगुणासारख्या ठेंगण्या बाईला जवळजवळ कानाशी. दिवसातून तीन हजार वेळा दोन्ही हात कानापर्यंत न्यायचे. त्यापेक्षा एका बटणाला ट्यूब बांधलेली बरी, असं कुणालाही वाटलं असतं. तिलाही दोन वाजता तसंच वाटलं होतं.

कारखान्याचे फिटर शौकतभाई मालेगावचे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेले, त्यामुळे मशीनचा आवाज बिघडला की त्यांना लांबून कळायचं. तेजस्विनीनं त्यांना पेट्या दाखवल्या.

"खाली घेता येतील?"

"येतील की. इतक्या वर्षांत कोणी बोललंच नाही, बेटा." शौकतभाईंनी दोन रविवार खपून दहाही पेट्या कमरेजवळ आणल्या. पत्रा आत सरकवायला लांब चिमटे बनवून दिले. आठवड्याभरात ट्यूबा गेल्या. या खेपेला कात्री लागली नाही.

मग तेजस्विनीनं शिफ्टच्या आधी दहा मिनिटांची बैठक सुरू केली. काल काय विचित्र दिसलं, कुठं हात वाचला, ते जिनं तिनं सांगायचं, तेजस्विनीनं वहीत लिहून घ्यायचं. बोर्ड लावायचा नाही, कुणाला रागवायचं नाही. आणि शंका आली तर जिची प्रेस तिनं ती थांबवायची, विचारत बसायचं नाही. गोरक्षनं मान डोलावली, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. बायका मात्र पहिल्याच दिवसापासून भडाभडा बोलायला लागल्या.

दसऱ्याच्या आधीचा गुरुवार होता. टेम्पो गेटवर उभा, आणि दोनशे नग अजून बाकी. चांगुणानं चार नंबरची प्रेस बंद केली.

"काय झालं?" गोरक्ष धावत आला.

"डबल मारली तिनं. बटण एकदा दाबलं, खाली दोनदा आली."

"भास झाला असंल. चालव, टेम्पो खोळंबलाय."

चांगुणाचा हात बटणाकडे गेला आणि परत आला. "नाय चालवणार."

गोरक्षचा आवाज चढला. तेवढ्यात पाच नंबरची प्रेस थांबली. मग सहा, मग तीन. सिंधुबाई पॅकिंगमधून उठून चांगुणाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. शेड इतकी शांत झाली की वरच्या ऑफिसात बसलेली तेजस्विनी जिना उतरून खाली आली.

"किती वेळा झालं?" तिनं चांगुणाला विचारलं.

"दोनदा. पहिल्यांदा मलाच खरं वाटलं नाय."

"मी दाखवतो चालवून," गोरक्ष म्हणाला. प्रेससमोर उभा राहिला आणि सवयीनं त्याचा हात पत्रा उचलायला गेला.

"दादा, पत्रा नको," मागून आलेले शौकतभाई म्हणाले. "रिकामी चालवा."

गोरक्षनं दोन्ही बटणं दाबून हात उचलले. प्रेस खाली आली, वर गेली, आणि कुणी हात लावलेला नसताना धाडकन पुन्हा खाली आली.

गोरक्ष उभ्या जागी स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. शौकतभाईंनी वीज तोडली, जड चाक पूर्ण थांबू दिलं आणि क्लच उघडला. आतल्या स्प्रिंगचे तुटून दोन तुकडे झाले होते.

"अशा वेळी बटणांचा काही उपयोग नाही," ते म्हणाले. "बाईनं मशीनचं ऐकलं म्हणून बरं."

माल घेणाऱ्या कंपनीला फोन गोरक्षनंच केला. पलीकडचा माणूस पाच मिनिटं तोंडाला येईल ते बोलला. गोरक्षनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, उद्या दुपारी. आज नाही." टेम्पो शुक्रवारी बारा वाजता सुटला.

त्याआधी सकाळच्या बैठकीत गोरक्ष सगळ्यांच्या आधी बोलला. "काल चांगुणाताईला मी चालव म्हटलं. ते माझं चुकलं." सिंधुबाईंनी वहीकडे हात केला, "लिहा मॅडम," आणि तेजस्विनीनं लिहून घेतलं.

शेठनी दहाही प्रेसच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. सिंधुबाईंना पॅकिंगमधून काढून नव्या बायकांना शिकवायला नेमलं. दिवाळीनंतर पेठ तालुक्यातल्या तिघी जणी कामाला लागल्या. त्यांतल्या एकीनं पहिल्याच दिवशी जेवणापर्यंत चार वेळा प्रेस थांबवली. चारही वेळा काहीच बिघडलेलं नव्हतं. गोरक्ष चारही वेळा शेडच्या टोकावरून चालत आला, मशीन तपासलं आणि म्हणाला, "ठीक आहे ताई, करा चालू."